म्युझिक ऐकायची सवय आणि फिटनेस, टीवायचा प्रोजेक्ट अडकलाय. तीन मुलं डेटातून काढू की नको?

चिवलाकाठ (मालवण):

नमस्कार सगळ्यांना. मी टीवाय बीएस्सी स्टॅटिस्टिक्सला आहे, मालवणात. प्रोजेक्टचा विषय मीच निवडला, रोज किती वेळ म्युझिक ऐकता आणि तुमचा फिटनेस किती, याचा एकमेकांशी काही संबंध आहे का. आमच्या वर्गातली निम्मी मुलं कानात इअरफोन घालूनच फिरतात आणि जिमला जाणारा प्रत्येक जण म्हणतो गाण्याशिवाय व्यायाम होतच नाही, तर म्हटलं बघूया आकडे काय बोलतात.

काय केलं ते सांगते. कॉलेजमधले ३० जण घेतले, १७ मुली आणि १३ मुलगे. फॉर्मवर प्रश्न विचारला, "दिवसाला सरासरी किती तास इअरफोन किंवा हेडफोनवर गाणी ऐकता?" मग सगळ्यांची हार्वर्ड स्टेप टेस्ट घेतली, म्हणजे २० इंच उंच बाकावर मिनिटाला ३० वेळा चढउतार, ५ मिनिटं, मग खाली बसवून पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या मिनिटानंतर प्रत्येकी ३० सेकंद नाडी मोजायची. सेकंद गुणिले १००, भागिले तिन्ही नाड्यांच्या बेरजेची दुप्पट, हा इंडेक्स, जितका जास्त तितका माणूस फिट. सगळ्यांच्या नाड्या मी स्वतः मोजल्यात, मनगट धरून, त्यात मला शंका नाही.

कोरिलेशन (दोन गोष्टींचा संबंध किती घट्ट ते सांगणारा उणे १ ते अधिक १ मधला आकडा) आलं ०.२४. टेबलात ३० जणांसाठी ०.३६१ लागतं ५ टक्क्याला, म्हणजे सिग्निफिकंट नाही, नुसता योगायोगही असू शकतो. गाइडना दाखवलं तर त्या म्हणाल्या असा काहीच न आलेला प्रोजेक्ट व्हायवाला टिकणार नाही, आउटलायर, म्हणजे बाकीच्यांपासून फार लांब पडलेले आकडे, आहेत का बघ. स्कॅटर प्लॉटवर तीन ठिपके खरंच बाजूला दिसतात, तिघेही मुलगे, तिघांनी गाणी शून्य तास लिहिलंय आणि तिघांचा इंडेक्स सगळ्यात वर. ते तिघे काढले की ०.४१ येतं आणि २७ जणांना ०.३८१ लागतं, म्हणजे लगेच सिग्निफिकंट! मैत्रीण म्हणते काढ आणि मोकळी हो. पण दोन रात्री झाल्या मला ते पटत नाहीये, कारण त्यांची मोजणी चुकलेली नाही, ती मुलं खरंच तेवढी फिट आहेत.

दुसरं म्हणजे प्रोजेक्टचा दुसरा भाग अजून व्हायचाय, त्यात तीच मुलं एकदा गाण्यासकट आणि एकदा गाण्याशिवाय तपासायचीत. तोही स्टेप टेस्टवरच करू का किनाऱ्यावर धावायला लावू? सबमिशनला दीड महिना आहे. कोणीतरी नीट सांगा प्लीज.


आकडेताई (रत्नागिरी):

मी शिकवते हाच विषय, म्हणून थोडं लांबलचक लिहिते, सवडीने वाच.

नाही काढायचे. तुझं तुला बरोबर कळलंय, त्यावर ठाम राहा. एखादं माप काढून टाकायला कारण मापाच्या बाहेर सापडलं पाहिजे, म्हणजे घड्याळ बंद पडलं, मुलगा तापातून उठून आला होता, नाडी मोजताना आकडा विसरला, असं काही. "याच्यामुळे माझं कोरिलेशन कमी होतंय" हे कारण होऊच शकत नाही. आणि ०.३६१ हा आकडा कुठून आला ते आठव, संबंध अजिबात नसताना नुसत्या योगायोगाने १०० पैकी ५ वेळा एवढं किंवा याहून मोठं कोरिलेशन येतं, धन असो की ऋण, म्हणून तो आकडा. तू आधी निकाल बघून मग माणसं गाळलीस की ते १०० पैकी ५ वालं गणितच लागू राहत नाही, मग ते टेबल उघडायचं तरी कशाला.

०.२४ ला "काहीच आलं नाही" म्हणणं पण चूक आहे. फिशरचं झेड ट्रान्सफॉर्मेशन लाव आणि ९५ टक्क्यांचा इंटरव्हल, म्हणजे खरं कोरिलेशन कुठून कुठपर्यंत असू शकतं तो पट्टा, काढ, मी आत्ता काढला, उणे ०.१३ ते अधिक ०.५५ येतो. म्हणजे तुझा डेटा सांगतोय की संबंध नसेलही, थोडा उलटा असेल, किंवा चांगला भक्कम सरळ असेल, ३० जणांवरून एवढंच कळतं. व्हायवाला हे वाक्य बोललीस तर ज्याला विषय येतो तो परीक्षक खूश होईल. ज्या टी टेस्टवर (सरासरीतला फरक खरा की योगायोगाचा ते तपासायची पद्धत) आपल्या सगळ्यांचे प्रोजेक्ट उभे असतात ती टी टेस्ट १९०८ साली गॉसेटने "स्टुडंट" या टोपणनावाने मांडली, तो डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत नोकरीला होता आणि त्याची अडचण तुझीच होती, नमुने थोडे आणि त्यातून किती खात्रीने बोलायचं. थोड्या नमुन्यांची लाज बाळगायची नसते, त्यावरून जास्तीचं बोलायचं नसतं एवढंच.

आता माझी खरी शंका वेगळीच आहे. १७ मुली आणि १३ मुलगे एकाच २० इंची बाकावर चढवलेस ना? पाच फुटी मुलीला तो बाक गुडघ्याच्या वर येतो, सहा फुटी मुलाला तसा नाही. मुलींच्यात म्युझिकचे तास कमी किंवा जास्त असतील तर तुला दिसणारा संबंध म्युझिकचा नसून उंचीचा असू शकतो. मुली आणि मुलगे वेगळ्या रंगाचे ठिपके करून प्लॉट परत काढ, मी तर आधी तेच बघीन.

आणि हे तिघे कोण आहेत? काय करतात? आउटलायर दिसला की आधी त्याच्याकडे जाऊन बसायचं, खोडरबर नंतर.


चिवलाकाठ (मालवण):

ताई खूप खूप आभार, इंटरव्हलचं मला सुचलंच नव्हतं. रंग वेगळे करून बघितले, मुलींचे ठिपके खाली आहेत सगळे, तुम्ही म्हणता तसंच, आता दोन्ही वेगळे दाखवणार.

तिघांचं सांगते. दोघे भाऊ आहेत, सकाळी कॉलेजच्या आधी वडलांबरोबर रापणीवर जातात, म्हणजे जाळं ओढायला. तिसरा आमच्याच वाडीतला, तो पखवाज वाजवतो भजनात. घरी फोन एकच, तो आईकडे असतो, म्हणून इअरफोनचा प्रश्नच नाही, शून्य लिहिलंन.


भजनीबुवा (कुडाळ):

गो बाय, तुझा लिवलेला सगळा वाचलंय आणि ह्या शेवटचा वाचून गप बसवला नाय. बाकी मराठीत लिहितो, सगळ्यांना कळू दे.

पखवाज वाजवणाऱ्या मुलाच्या नावापुढे संगीत शून्य तास लिहिलंस तू? मी ३५ वर्षं शाळेत पीटी शिकवली आणि त्याच्या आधीपासून भजनात हार्मोनियम वाजवतोय. डबलबारी, म्हणजे दोन भजनी बुवांचा सामना, असली की पखवाजवाला रात्री दहाला बसतो तो पहाटेपर्यंत, मधे चहाला काय उठेल तेवढंच, आणि गजर चढत जातो तेव्हा त्याचे दोन्ही हात खांद्यापासून चालतात, अंगातला सदरा पिळून काढावा लागतो. हे संगीत नाही तर काय आहे? तुझ्या फॉर्मवर इअरफोन आणि हेडफोन दोनच शब्द होते म्हणून तो पोरगा शून्यात गेला, त्याचा दोष नाही, प्रश्नाचा दोष आहे.

रापणीचं पण तेच. दोन्ही बाजूंनी दोरी धरून पंधरा पंधरा माणसं ओढतात ती काय आपापल्या मनाने ओढतात का, एक जण आरोळी देतो आणि त्या आरोळीच्या ठेक्यावर सगळ्यांचे पाय एकदम वाळूत रुततात, ठेका चुकला तर जाळं एका अंगाला जातं. भातलावणीच्या बायका चिखलात वाकून गाणी म्हणत पुढे सरकतात ते काय करमणूक म्हणून? कोकणात संगीत आणि अंगमेहनत कधी वेगळी नव्हतीच आणि तू नेमकं तेच मोजायला निघालीस, फार चांगला विषय घेतलास, म्हणून तर मनापासून लिहितोय. फक्त विचारताना शहरातल्या पोरांसारखं विचारलंस. गाणी ऐकता किती, स्वतः गाता किती, वाजवता किती, नाचता किती (गणपतीत जाखडी नाचणारी पोरं असतीलच त्या तिसांत, आणि शिमग्यात ढोल वाजवणारी), असं वेगवेगळं विचार.

जाता जाता आणखी एक. हे रापणवाले दोघे रोज पहाटे वाळूत जाळं ओढून येतात, त्यांचा इंडेक्स वर असणारच, त्यात गाण्याचं काही नसेल. तो वेगळा रकाना पाहिजे, अंगमेहनतीचा.


आकडेताई (रत्नागिरी):

बुवांनी अगदी बरोबर जागी बोट ठेवलं, मी फक्त गणितात अडकले होते. पण चिवलाकाठ, एक लक्षात ठेव, आता त्या एकाच मुलाकडे जाऊन शून्याचे बारा तास करून आणू नकोस, ते तीन काढण्यासारखंच होईल, फक्त उलट्या दिशेने. विचारायचं तर तिसांनाही परत विचारायचं, नवा फॉर्म, सगळ्यांना सारखा. आणि जुना फॉर्म फेकायचा नाही, रिपोर्टमध्ये दोन्ही लावायचे, पहिला प्रश्न असा होता, त्यात हे निसटलं, म्हणून दुसरा केला. माझ्या मते तुझ्या प्रोजेक्टचं सगळ्यात चांगलं पान ते असेल.


सोळाशे मीटर (गुहागर):

मी स्टॅटवाला नाही, पोलीस भरतीची तयारी करतोय दोन वर्षं, त्यामुळे किनाऱ्यावर धावायचं विचारलंस त्यावर सांगू शकतो. भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, आणि ग्राउंडला फोन इअरफोन काही नेता येत नाही, त्यामुळे आमच्या ग्रुपमध्ये रोज हाच वाद असतो की प्रॅक्टिसला गाणी लावावीत का. माझं मत, गाणी असली की दुसऱ्या राउंडला पाय जड झालेले कळत नाहीत, पण टाइम किती कमी होतो ते मला सांगता येणार नाही कारण मी आजवर असं मोजलं नाही जसं तू मोजणार आहेस.

पण किनाऱ्यावर घेणार असशील तर भरती ओहोटी बघूनच घे नाहीतर सगळं पाण्यात जाईल. ओहोटीला ओली वाळू घट्ट असते, रस्त्यासारखी, आणि भरतीला वरची कोरडी भुसभुशीत वाळूच उरते, तिच्यात पाय आत जातो, माझा स्वतःचा टाइम तिथे मिनिटाच्या वर वाढतो. आता पाणी रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येतं. समज या रविवारी सकाळी सहाला ओहोटी आहे आणि तू गाण्याशिवाय धावायला लावलंस आणि पुढच्या रविवारी परत सहालाच गाण्यासकट लावलंस, तर सात दिवसांत सहा तासांच्या आसपास सरकलं, म्हणजे बरोब्बर भरती! मग टाइम वाढला तो गाण्यामुळे की वाळूमुळे, कोण सांगणार.

आमच्याकडे जुनी माणसं तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमी असेल तर सहा वाजता. शुद्ध असो की वद्य, तिथीचा आकडा तोच तर वेळ तीच. म्हणून एक फेरी शुद्ध पक्षातल्या एखाद्या तिथीला घे आणि दुसरी पंधरा दिवसांनी वद्य पक्षातल्या त्याच तिथीला, तेव्हा वाळू जवळपास सारखी मिळेल. नाहीतर सरळ शाळेचं मैदान बघ. आणि काहीही कर पण सकाळी सातच्या आत संपव, नंतर आपल्याकडच्या दमट हवेत घाम सुकतच नाही, अंग तापत जातं आणि शेवटी धावणाऱ्यांचे टाइम नुसत्या उकाड्याने खराब येतात.


आकडेताई (रत्नागिरी):

तिथीची पाऊणपट वाचून फार आनंद झाला, माझे आजोबा हेच करायचे. चिवलाकाठ, त्याने जे सांगितलं त्याला आपल्या भाषेत कन्फाउंडिंग म्हणतात आणि त्यावर उपाय असा की दोन्ही दिवशी दोन्ही प्रकार चालू ठेवायचे. ३० चिठ्ठ्या कर, १५ वर "आधी गाणं", १५ वर "नंतर गाणं", आणि मुलांना उचलायला लाव. पहिल्या दिवशी अर्धे गाण्यासकट धावतील अर्धे बिनगाण्याचे, पंधरा दिवसांनी उलट. मग वाळू थोडी बदलली, हवा बदलली, दुसऱ्यांदा धावताना सराव झाला, तरी ते दोन्ही बाजूंना सारखं वाटलं जातं. चिठ्ठ्या खरंच टाकायच्या, मनाने वाटणी करायची नाही, फिशरने १९३५ च्या आपल्या प्रयोगांवरच्या पुस्तकात सगळा भर याच गोष्टीवर दिला होता.

इअरफोन दोन्ही वेळा सगळ्यांच्या कानात असू देत, फक्त अर्ध्यांचे बंद. म्हणजे स्टॉपवॉच धरणाऱ्याला कळणार नाही कोण ऐकतंय. धावणाऱ्याला कळणारच, ते टाळता येत नाही, तसं रिपोर्टमध्ये लिहून टाक.

स्टेप टेस्टवर हा दुसरा भाग करू नकोस, दोन कारणं. एक तर तिथे मिनिटाला ३० चा ठेका तूच बांधून दिलाय, मेट्रोनोमवर (ठेका देणाऱ्या यंत्रावर), मग गाण्याने वेग वाढवायचा म्हटलं तरी कुठे वाढवणार, उलट गाण्याचा ठेका आणि मेट्रोनोमचा ठेका भांडतील. दुसरं जास्त महत्त्वाचं, तो इंडेक्स नाडीवरून येतो. टेरी, कारागेऑर्गिस वगैरेंनी २०२० साली १३९ अभ्यास एकत्र करून मोठं मेटा ॲनालिसिस केलं, त्यात स्टँडर्ड डेव्हिएशनच्या (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्या मापाच्या) पटीत मोजलं तर व्यायामाच्या वेळी संगीत असलं की मन प्रसन्न राहण्यावर परिणाम ०.४८, प्रत्यक्ष कामगिरीवर ०.३१, दम लागल्याच्या जाणिवेवर ०.२२ असा निघाला, आणि हृदयाच्या ठोक्यांवर दखल घेण्यासारखा काहीच नाही. म्हणजे नाडी मोजत बसलीस तर जिथे परिणाम नसतो नेमकं तिथेच शोधत राहशील. धावण्याचा टाइम घे आणि धावून आल्या आल्या बोर्गच्या ६ ते २० च्या पट्टीवर किती दम लागला ते विचार. गुहागरवाला म्हणतोय ना पाय जड झालेले कळत नाहीत, तेच त्या पट्टीवर पकडता येतं. गाणी कुठली ते आधीच ठरव, मिनिटाला १२० ते १४० ठोक्यांची सगळ्यांना सारखी दे किंवा सगळ्यांना आपापल्या आवडीची लावू दे, अर्धं असं अर्धं तसं नको.

आणि आधीच सांगून ठेवते म्हणजे निकाल आल्यावर रडू नकोस. परिणाम ०.३१ एवढाच असेल तर तो ८० टक्के खात्रीने पकडायला जोडीच्या टी टेस्टलाही (तीच माणसं दोन्ही वेळा) ८० च्या वर माणसं लागतात, आणि गाण्याचे वेगळे न-गाण्याचे वेगळे असे दोन गट केलेस तर प्रत्येक गटात १६० च्या वर. तुझ्याकडे ३० आहेत, त्यात साधारण अर्ध्या स्टँडर्ड डेव्हिएशनचा फरक असेल तरच तसा पकडला जाईल. हे गणित निकालाच्या आधी रिपोर्टमध्ये लिही. नंतर लिहिलेलं सबब वाटतं.


भजनीबुवा (कुडाळ):

चिठ्ठ्या टाकायची कल्पना आवडली. धावायच्या आधी सगळ्यांची नीट विचारपूस कर बाय, कोणाला दमा आहे, कोणी उपाशीपोटी आलंय, सोमवार असला तर उपास असतो बऱ्याच जणांचा. पाणी, लिंबू, मीठ, साखर जवळ ठेव. आणि ते रापणवाले भाऊ त्या दिवशी पहाटे जाळं ओढून येणार असतील तर दोन्ही वेळा ओढून येऊ देत नाहीतर दोन्ही वेळा सुट्टी.


चिवलाकाठ (मालवण):

उशिरा लिहितेय, सॉरी, चार दिवस वाडीवाडीत फिरत होते.

तिसांनाही परत विचारलं, बुवांनी सांगितलं तसा चार रकान्यांचा फॉर्म, ऐकणं, गाणं, वाजवणं, नाचणं, आणि पाचवा अंगमेहनतीचा. पखवाजवाला म्हणाला आठवड्यात तीन रात्री सरावाला, सीझनला त्याहून जास्त, आणि मग मलाच विचारलंन, "मगे पयल्यांदा ह्या कित्याक इचारूक नाय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून सहा जण निघाले जे पहिल्या फॉर्मवर अर्धा तास किंवा शून्य होते आणि भजनात किंवा ढोलावर असतात. त्यात दोन मुली, एक आमच्याच बाकावर बसते माझ्या शेजारी, तीन वर्षं झाली, ती गाते मला माहीतच नव्हतं.

नवं कोरिलेशन अजून काढलेलं नाही, मुद्दामच. आधी एका कागदावर लिहिलं काय काय काढणार, मुली मुलगे वेगळे, अंगमेहनत धरून पार्शल कोरिलेशन (म्हणजे अंगमेहनतीचा वाटा बाजूला काढून उरलेला संबंध), कोणालाही गाळायचं नाही, धावण्याला जोडीची टी टेस्ट, ३० जण, आणि ताईंचं ८० जणांचं गणित. तो कागद गाइडना नेऊन दाखवला, इंटरव्हल पण समजावून सांगितला, त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि खाली तारीख घालून सही दिली. चिठ्ठ्या उद्या दुपारच्या सुट्टीत उचलायच्या आहेत. पंचांग आजीकडून आणलंय, पहिली फेरी वद्य द्वादशीला धरलीय, तिथीच्या पाऊणपट नऊला भरती येते, म्हणजे पहाटे तीनच्या सुमारास ओहोटी. सहाला सुरू केलं तर पाणी निम्म्यावर चढलेलं असेल, तेव्हा गुहागरवाल्या दादा, ओली वाळू पुरेल का तेवढी, का चतुर्दशीला ढकलू?


सोळाशे मीटर (गुहागर):

चतुर्दशीला ढकल. साडेदहाला भरती म्हणजे साडेचारच्या आसपास ओहोटी, साडेपाच पावणेसहाला उजाडताना सुरू केलंस की तासभर घट्ट वाळू आरामात मिळेल. आदल्या दिवशी त्याच वेळेला एकदा चालून बघ आणि अंतर टेपने मोजून काठ्या पुरून ठेव, पावलांनी मोजू नको. निकाल काहीही येवो, इथे टाक, आमचा अख्खा ग्रुप वाट बघतोय.